म्हैस व्याली त्या दिवसाचा फोटो

सोलापूर,
६ फेब्रुवारी २०२५, गुरुवार

ती. नीलम्मा अक्कास,
तुझ्या धाकट्या तम्माचा, चन्नप्पाचा, साष्टांग नमस्कार.

आज पहाटे मला एका आवाजानं जाग आली. घरात काही पडलं नव्हतं. आवाज जुना होता. आपल्या वळसंगच्या घरातला, माझ्या लग्नाच्या संध्याकाळचा. आधी फोटोग्राफरच्या दिव्याचा ‘फट्ट’, आणि पाठोपाठ आतल्या कोठीत पितळी ताट पडल्याचा. पितळी ताट शहाबादी फरशीवर पडलं की आधी ओरडतं, मग स्वतःभोवती गरगरत राहतं, मग कुजबुजतं आणि एकदम गप्प होतं. ती शेवटची कुजबुज सबंध मांडवानं ऐकली होती. ‘मांजर हाय, मांजर,’ असं आपली अव्वा म्हणाली आणि सगळे हसले. मीही हसलो, बाशिंग सावरत.

तू त्या दिवशी आली नव्हतीस. करकंबला तुझी म्हैस व्याली होती. तेव्हा तुला तो आवाज ठाऊक असायचं कारण नाही. असो. त्यावर नंतर येतो.

इकडे सगळे खुशाल आहेत. काशम्माची साखर आटोक्यात आहे असं डॉक्टर म्हणतात, आणि देवळीतला गुळाचा डबा हलका होतोय असं मी म्हणतो. गड्ड्याची जत्रा उठली, थंडी सरली, आणि दुपारी गच्चीवर पाय टेकवत नाही इतकं ऊन आत्ताच पडायला लागलंय. आपल्या नातीचा, काव्याचा साखरपुडा सोळा तारखेला ठरला, ते तुला तुझ्या पुतण्यानं, प्रभुनं सांगितलंच असेल. मुलगा अक्कलकोटचा. बोलतो कमी, हसतो नीट.

प्रभुचा फोन आला होता. ‘काकी म्हणत्यात, गुडघा धरलाय, येणं व्हायचं न्हाय.’ मी ‘बरं’ म्हणालो आणि फोन ठेवला. अक्का, तुझ्या गुडघ्याबद्दल मला आदर आहे. पण माझ्या पोराच्या, गुरुशांतच्या लग्नात तुझी दाढ दुखत होती. काव्याच्या बारशाला ऊस तुटायला आला होता. वास्तुशांतीला करकंबची एसटी बंद होती. आणि मी टायफॉईडनं पडलो तेव्हा, अव्वा गेली तेव्हा, काशम्माचं ऑपरेशन झालं तेव्हा मात्र तू सगळ्यांच्या आधी दारात. तेव्हा कधी म्हैस व्याली नाही.

फोनवर हे बोललो असतो तर तू लगेच म्हशीच्या धारेवर गेली असतीस. म्हणून पत्र. तूच म्हणतेस ना, फोनचं बोलणं हवेत जातंय, कागदाचं उशाशी ऱ्हातंय.

आता माझी बातमी. मी फोटो काढायला शिकतो आहे. हसू नकोस. काव्यानं पुण्याला नवा कॅमेरा घेतला आणि जुना माझ्या गळ्यात घातला. सध्या ती घरूनच काम करते, त्यामुळे माझी शाळा तिच्या हातात आहे. ‘अज्जा, दिवसभर खिडकीत बसून शाळेतल्या कविता पुटपुटतोस, त्यापेक्षा हे कर,’ म्हणाली. वर हुकूम सोडला: साखरपुड्याला भाड्याचा फोटोग्राफर येईल तो येईल, पण घरच्यांचा एकत्र फोटो अज्जाच काढणार. झालं. मला झोप लागेना.

पहिल्या दिवशी मी गच्चीवर जाऊन मन लावून फोटो काढले. खाली आलो तर सगळे काळेकुट्ट. भिंगावरचं झाकणच काढलं नव्हतं. काव्या म्हणाली, ‘अज्जा, काळोखाचे फार सुंदर फोटो आलेत.’ काशम्मा दोन दिवस येईल त्याला हे सांगत होती. पुढच्या खेपेला झाकण काढलं तर प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात माझा अंगठा, उगवत्या सूर्यासारखा.

पण मग एका सकाळी जमलं. अक्कलकोट रोडला, माझ्या जुन्या कारखान्याच्या मागे, रंगवलेलं सूत बांबूवर वाळत घालतात ना, तिथं गेलो होतो. लाल, हिरवं, डाळिंबी सूत, आणि त्यातून तिरपं येणारं कोवळं ऊन. बटण दाबलं. घरी येऊन पडद्यावर पाहिलं आणि अक्का, खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं. ते ऊन तिथं होतं! सकाळचं ऊन, जे त्या वेळेला त्या सुतावरून केव्हाच उठून गेलं होतं, ते माझ्यापाशी होतं. त्या रस्त्यानं मी नोकरीभर सायकलवरून गेलो. ते सूत रोज तिथं होतं. मी पाहिलंच नव्हतं.

काव्यानं मला मोठं करून पाहायला शिकवलं. बोटं फाकवत जायची, चित्र जवळ येत जातं. मी फाकवत गेलो. सूत मोठं झालं, धागा मोठा झाला, आणि मग धागा नाहीसा होऊन काय दिसावं? चौकटी! नुसत्या चौकटी. एक लाल, तिच्या शेजारी जरा कमी लाल, मग तपकिरी. मी खुर्चीतून उठून उभा राहिलो.

तुला आठवतं का, तू एकदा मला टायफॉईडात बघायला आली होतीस तेव्हा उशाला चौकटीचा मोठा कागद होता, आणि तू विचारलंस, ‘ही काय चिखलणी केलीस?’ तो चादरीवरचा मोर होता. कारखान्यात माझं, नक्षीकाराचं, कामच ते. एकेक चौकट रंगवायची, त्याबरहुकूम पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोकं पाडायची, आणि ते पत्ते जकार्ड मागावर चढले की मोर विणला जायचा. कागदाला नाक लावलं तर मोर दिसत नाही. चार पावलं मागं गेलं की नाचतो. जन्मभर मला वाटलं, ही आमच्या धंद्याची युक्ती. आणि इथं पाहतो तर ऊनसुद्धा चौकटीत बसलेलं! काशम्माच्या गालावरची सुरकुती, पिंपळाचं पान, तळ्यातलं सिद्धरामेश्वराच्या देवळाचं हलतं प्रतिबिंब, सगळं विणलेलं. मी काव्याला म्हणालो, ‘पोरी, हे तर जकार्डच आहे!’ तिला वाटलं म्हाताऱ्याला ऊन लागलं.

मग काव्याला सुचलं की आमच्या लग्नाचा फोटो स्वच्छ करून, मोठा छापून साखरपुड्याला मांडावा. तो फोटो तू पाहिला आहेस, बैठकीत दाराच्या वर असतो. शेवटच्या मंगलाष्टकाचा. मी आणि काशम्मा मध्ये, सगळ्यांचे हात वर, मागे आपल्या कोठीचं दार काळोखं. चौकटीतून काढून मी तो खिडकीच्या उजेडात ठेवला आणि कॅमेऱ्यानं त्याचा फोटो घेतला. मग काव्याच्या लॅपटॉपवर साफसफाईला बसलो. एक जादूचा बोळा असतो. डागावर फिरवला की डाग जातो आणि शेजारच्या रंगानं जागा भरून निघते. फोटोभर पांढरे ठिपके पडले होते. म्हटलं, एवढ्या वर्षांची धूळ. दुपारभर बसून मी एकेक ठिपका पुसला. आपल्या हाताला ते काम ओळखीचं. एकही चौकट सुटली नाही.

काशम्मा चहा घेऊन आली, पाहिलं आणि कप तसाच हातात.

‘अहो, काय केलंत हे? अक्षता हायत्या त्या!’

तेव्हा माझ्या लक्षात आलं. ज्वारी! हळद-कुंकवातली ज्वारी, हवेत असताना दिव्यानं पकडलेली. मी माझ्याच लग्नाच्या अक्षता पुसून टाकल्या होत्या.

‘लगीन मोडलं म्हणा की आपलं,’ काशम्मा म्हणाली.

पण घाबरू नकोस. तिथं मागे वळलेला एक बाण असतो. तो दाबत गेलं की तुम्ही जे जे केलं ते एकेक करून न केल्यासारखं होतं. मी दाबत गेलो आणि अक्षता परत आल्या. एक, आणखी एक, आमच्या डोक्यावर, भटजींच्या खांद्यावर, अव्वाच्या अंबाड्यात. काव्या जांभया देत होती आणि मी तोंडात बोट घालून पाहत होतो. ज्वारी वर, आकाशात परत चढत असलेली मी पाहिली, अक्का.

हात दुखला. पुढचं उद्या लिहितो.

शुक्रवार, ७ तारीख, सकाळ

हात दुखत नव्हता. पुढचं लिहायचं कसं ते कळत नव्हतं.

अंगणात चिमण्या आहेत, काशम्मा पूजेला बसली आहे, काव्या आतल्या खोलीत मिटिंगमध्ये इंग्रजी बोलते आहे. आता लिहितो.

मागावरून पहिली चादर उतरली की मी एक काम न चुकता करायचो. ती उलटी करून पाहायचो. आपल्या चादरीची हीच तर गंमत; वर जिथं पांढरं तिथं खाली काळं, वर काळं तिथं खाली पांढरं. मोर तोच, उजेड उलटा. नक्षीत काही राहून गेलं असेल तर सुलट बाजू ते सांगत नाही. उलटी बाजू सांगते. ही सवय हाडात गेलेली. तर मंगळवारी, अक्षता सगळ्या परत आल्यावर, मी काव्याला सहज म्हणालो, ‘आता याची उलटी बाजू दाखव.’

‘अज्जा, फोटोला उलटी बाजू नसते.’

‘नसते कशी? बघितल्याशिवाय मी माल पास करत नाही.’

‘मग लॅपटॉप पालथा घालू का?’ असं म्हणून खूप हसली. मग म्हणाली, ‘थांब, तुझ्यासाठी एक बटण आहे.’

तिनं ते दाबलं आणि सगळं उलटलं. माझे काळेभोर केस पांढरे झाले. म्हटलं, वा, पुढचं सगळं आयुष्य याला आधीच ठाऊक. काशम्माचा गोरा चेहरा कोळशासारखा झाला, अक्षता काळ्या तिळासारख्या. आणि मागचं दार, आपल्या कोठीचं, इतकी वर्षं ज्यात नुसता काळोख होता ते दार, लख्ख पांढरं झालं. चुन्यानं रंगवल्यासारखं.

आणि त्या पांढऱ्यात काहीतरी होतं.

आधी वाटलं, छापताना पडलेला डाग. मग वाटलं, ज्वारीची पोती असतील, तिथंच रचलेली असायची. पण अक्का, पोत्याला कोपर नसतं.

काव्याला म्हणालो, ‘सुलट कर. आणि हा काळोख जरा उघड.’ तुला सांगू, सावल्यांसाठी एक वेगळी पट्टी असते. उजेडाला धक्का न लावता नुसत्या सावल्या तेवढ्या वर उचलता येतात. हे ज्यानं कुणी शोधून काढलं त्याच्या आईच्या पाया पडावं. काव्या ती पट्टी हळूहळू सरकवत गेली. पहाटे घर दिसू लागतं ना, आधी चौकट, मग कोनाडा, मग भांडी, तसं दार उघडत गेलं. दार, दारामागे पोती, आणि दाराच्या कडेला कुणीतरी उभं. भुरकट, कणाकणांचं, राखेनं काढल्यासारखं. डाव्या हातावर ताट. उजवा हात डोक्याच्या वर, मूठ नुकती उघडलेली. पदर दातात धरलेला.

‘अज्जा, कोण ही?’ काव्या म्हणाली.

काशम्मा पदराला हात पुसत आली, चष्मा लावला, वाकली.

‘ह्या आपल्या नीलम्मा वन्सं की. पदर दातात धरायची खोड आन् कुणाची हाय?’

काव्यानं माझ्याकडे पाहिलं. ‘पण अज्जा, त्या दिवशी तर म्हैस…’

या घरात तुझी म्हैस प्रसिद्ध आहे, तुला ठाऊक आहे. कुणाला कुठं जायचं नसलं की ‘आज माझी म्हैस व्याली’ म्हणतात. लहानपणी काव्यानं शाळेत तसा निरोप पाठवला होता. त्या दिवशी पहिल्यांदा त्या म्हशीवर कुणी हसलं नाही.

काशम्मा हळूच खुर्चीवर बसली. म्हणाली, ‘दुसऱ्या दिवशी सकाळी अव्वांनी कोठीत दोन कप चहा नेला हुता. मी नवी नवरी, इचारू कुणाला? मला वाटलं, हितली रीतच असंल.’

म्हणजे रात्रभर तू तिथं होतीस. पोत्यांना टेकून. करकंबहून कशी आलीस, कुणाबरोबर, मागच्या दारानं केव्हा शिरलीस, पहाटेची कुठली एसटी धरून गेलीस, मला काही माहीत नाही. भाऊजी जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. तुला आत कुणी थांबवलं? अव्वानं? थोरल्या काकांनी? की कुणी सांगायची वेळच आली नाही, तू आपणच समजून सावलीत उभी राहिलीस? हे विचारायला मी पत्र लिहीत नाही. जे होते ते गेले, आणि तू सांगायची नाहीस.

मला सांगायचंय ते वेगळंच. मी ते दार मोठं करत गेलो, चौकटी दिसेपर्यंत. खाली उंबरा आहे. उंबऱ्यावर चार-दोन पांढरे ठिपके आहेत. आधी धूळ म्हणून मी तेही पुसले होते, बाणानं तेही परत आले होते. अक्का, त्या तुझ्या अक्षता. मांडवापर्यंत त्या पोचणारच नव्हत्या, तुला ते दिसत होतं, तरी तू मूठ भरून टाकल्यास. आणि त्याच वेळी तो दिवा ‘फट्ट’ झाला, तू दचकलीस, आणि ताट पडलं.

मांजर नव्हतं ते.

तेव्हापासून मी थक्क आहे. दुसरा शब्द नाही माझ्याकडे, आणि शब्दांचा मला केवढा शौक ते तू जाणतेस. मांडवातल्या एवढ्या डोळ्यांनी तुला पाहिलं नाही. माझ्या डोळ्यांनी नाही. तो फोटो दाराच्या वर टांगलेला, त्याखालून मी रोज चप्पल घालून बाहेर पडलो. तू त्यात होतीस. दिव्याचा उजेड निमिषभराचा, पण तेवढ्यात तो माणसांच्या डोक्यांवरून गेला, उंबरा ओलांडला, कोठीत शिरला, तुझ्या तोंडाला लागला आणि तुला घेऊन परत आला. त्याला कुणी अडवलं नाही. उजेडाला रीतभात शिकवलेली नसते. आणि मग इतकी वर्षं, कुणी विचारेपर्यंत, त्यानं तुला काळोखात जपून ठेवलं.

एक गोष्ट आणखी. काव्या म्हणाली, ‘अज्जा, आपण अक्काआजीला तिथून कापून पुढे आणू. तुझ्या शेजारी उभी करू. कुणाला कळणारसुद्धा नाही.’ तिनं करूनही दाखवलं. पाच मिनिटांत तू कोठीतून निघालीस आणि माझ्या उजव्या हाताला येऊन उभी राहिलीस. उजेड सारखा केला, कडा मऊ केल्या. काय सांगू, पोरीचा हात मोठा गुणी! क्षणभर मला वाटलं, झालं, फिटलं.

मग मी तुझ्या डोळ्यांकडे पाहिलं. कोठीच्या दारातून तू माझ्याकडे पाहत होतीस. शेजारी आणल्यावर तू कुणाकडेच पाहत नव्हतीस. भिंतीकडे, मांडवाच्या खांबाकडे, कुठंतरी. दारात होतीस तेव्हा तुझी नजर आख्खा मांडव ओलांडून नेमकी माझ्यावर होती, आणि एवढी जवळ आल्यावर ती मला चुकली. मी काव्याला म्हणालो, ‘परत ठेव तिला.’ तिनं बाण दाबला आणि तू परत गेलीस, आपल्या जागी, मला पाहत.

तुझा तो फोटो मला काव्याच्या मोबाइलवर पाठवायचा होता, दुकानात छापायला. माझ्या यादीत ‘करकंब प्रभु’ आणि ‘काव्या’ खाली-वर आहेत. बोट जाड, चष्मा कपाळावर. गेला तो प्रभुला. घाबरून लगेच काव्याकडून पुसून घेतला. ती म्हणाली, कुणी बघितला नसेल. बरं झालं. तुला हे असं, त्या काचेच्या तुकड्यावर कळू नये असं मला वाटत होतं. माझ्या अक्षरात कळावं.

हिरेमठ गुरुजींची कविता आठवते का तुला? त्यांनी स्वतः रचलेली, स्नेहसंमेलनात आम्हाला म्हणायला लावली होती ती. तुला तेव्हा चौथीतून काढलं होतं. तू माझी भाकरी घेऊन यायचीस आणि खिडकीखाली बसून राहायचीस. संमेलनात मी मधेच विसरलो, आणि दुसऱ्या दिवशी भांडी घासता घासता तू ती सगळी म्हणून दाखवलीस, एकही शब्द न चुकता.

मागे उरला तोही अपुला, पुढे बोलवा त्याला,
इवली पणती पुरून उरते अवघ्या काळोखाला.

टाळ्या मला मिळाल्या होत्या. कविता तुला आली होती.

तर आता मागणं. सोळा तारखेला घरच्यांचा फोटो मी काढणार आहे. कॅमेरा तिपाईवर ठेवतात, बटण दाबलं की तो थोडा वेळ वाट पाहतो, तेवढ्यात आपण पळत जाऊन रांगेत उभं राहायचं. पळण्याची तालीम मी रोज करतोय, काशम्मा रोज हसतेय. पहिल्या रांगेत, काव्याच्या शेजारी, एक खुर्ची ठेवली आहे. काव्यानंच ठेवायला सांगितली. ‘अक्काआजी बसल्याशिवाय मी अंगठी घालून घेणार नाही,’ असं तिनं परवा तिच्या होणाऱ्या सासूला फोनवर सांगितलं. मी आडून ऐकत होतो. फोनच्या स्पीकरवर त्या बाई म्हणाल्या, ‘मग खुर्चीवर उशी घाला की. वयस्कर मानूस.’ ऐकतेस ना? कुणी अडवत नाहीये, अक्का. आता अडवणारी एकटी तूच उरलीस.

त्या खुर्चीवर मी दुसऱ्या कुणाला बसू देणार नाही. रिकामी राहिली तर फोटोत रिकामी येईल. आणि रिकाम्या खुर्चीत कितीही सावल्या उचलल्या तरी कुणी दिसणार नाही, हे मी आता पुरतं शिकलोय. फोटोतून मी तुला पुढे आणू शकत नाही. करून पाहिलं. त्याला तूच यायला पाहिजेस.

गुडघ्याचं म्हणशील तर गाडी पाठवतो. म्हशीचं म्हणशील तर

थांब हं, बेल वाजली. दूधवाला मघाशीच येऊन गेला, आता कोण? काव्या गेलीय उघडायला. तुला सांगत होतो, म्हशीचं म्हणशील तर प्रभुला घरी ठेव आणि तू एकटी ये, त्याच गाडीत…

दार उघडलं, आणि बाहेरून ओळखीचा आवाज येतोय:

‘बाजूला सर की गं पोरी. दारातच उभी करतीस व्हय मला? तुझा अज्जा कुटं हाय? सांग जा त्याला, या बारीला म्हैस व्याली न्हाय म्हणावं. आन् त्यो फोटू प्रभुनं मला दावला, पुसायच्या आदी. लई बारीक दिसतीया मी त्यात.’

अक्का.

खिडकीतून वाकून पाहिलं. मागे प्रभु, हातात तुझी पिशवी. पिशवी मोठी आहे, म्हणजे सोळापर्यंतची तयारी दिसते. काशम्मा पूजेवरून तशीच उठून धावलीय. तू उंबऱ्याच्या पलीकडे, काठी टेकून उभी, पदर दातात. आणि सकाळचं ऊन समोरून आलंय.

पाकीट आता लागणार नाही. हे पत्र तुझ्या हातातच देतो. पण आधी कॅमेरा घेऊन येतोय. झाकण काढलंय, अंगठा सांभाळतो. तोवर तिथंच, उंबऱ्यातच थांब. उजेड अगदी तुझ्या तोंडावर आहे.

हलू नकोस.

तुझा,
तम्मा